रिकाम्या तराजूचा इतिहास

गुलबर्ग्याच्या गंजात ज्यांच्या घरची अडत होती, त्यांना एक दृश्य आठवत असेल. तुरीचे पोते काट्यावर चढण्याआधी हमाल रिकामा तराजू उचलून धरायचा. दोन्ही पारडी मोकळी. आमचे आजोबा काही न बोलता काट्याकडे बघायचे, शेतकरीही बघायचा. काटा मधोमध उभा राहिला की मगच मापाला सुरुवात. एखाद्या पारड्याचा कल दिसलाच, तर हलक्या बाजूला खडा किंवा लोखंडाची कडी बांधायची. त्याला पासंग म्हणत. ‘तो याच्या पासंगालाही पुरायचा नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पण पासंग म्हणजे मुळात तराजूचा स्वतःचा दोष भरून काढणारे वजन, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

यंदाच्या व्याख्यानासाठी मंडळाने मला विषय विचारला, तेव्हा मला हा रिकामा तराजू आठवला. खुनाच्या, विषप्रयोगाच्या, अपघाताच्या खटल्यात प्रयोगशाळेचा अहवाल येतो. ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पुढे त्या व्हिसेराचे काय होते, कोणते यंत्र तो तपासते, आणि मुख्य म्हणजे त्या यंत्राला कोण तपासते, हे फारसे कोणी विचारत नाही. अहवालावर माणूस फासावर जाऊ शकतो, तसाच सुटूही शकतो. म्हणून यंत्राच्या परीक्षेचा हा इतिहास सामान्य वाचकालाही ठाऊक असायला हवा, असे मला वाटते.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. गुलबर्गा जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथला अमोघवर्ष नृपतुंग राजा असताना, सुमारे इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ रचला. ग्रंथाच्या आरंभी राजाची प्रशंसा आहे, आणि गणिते सुरू होण्याआधी मापांच्या परिभाषा आहेत: लांबीची मापे, काळाची, धान्याची, सोन्याची. आधी माप ठरवा, मग हिशेब करा, असा हा क्रम आहे. पुढे वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटवले तर मिश्रणाचा कस किती उतरेल, याची उदाहरणेही आहेत. आपल्या सराफाच्या कसोटीच्या दगडामागे इतके जुने गणित उभे आहे.

त्याच्याही आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. वजनेमापे पाहणे हे त्याचे काम. वजने लोखंडाची किंवा ठरावीक डोंगरांतल्या दगडाची करावीत, किंवा अशा पदार्थाची की जो पाण्याने फुगणार नाही आणि उष्णतेने घटणार नाही, असे तिथे सांगितले आहे. दर चार महिन्यांनी वजने तपासून त्यांवर छाप मारून घ्यायची. छाप नसलेले वजन वापरले तर दंड. आज प्रयोगशाळेचे यंत्र ठरावीक मुदतीने तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी लावतात. या चिठ्ठीचा पूर्वज तो छापच आहे.

आमच्या जैन घरांत अस्तेय अणुव्रताचे अतिचार लहानपणीच कानावर पडतात. त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे ही चोरीच, असे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गणले आहे. मापात पाप ही म्हण तर सगळ्यांचीच. पण एक फरक ध्यानात घ्या. हा अतिचार जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचा आहे. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा फसवणूक नसते. माणूस प्रामाणिक असतो आणि माप खोटे निघते. शिक्षा मात्र तेवढीच होते, आणि ती तिसऱ्यालाच भोगावी लागते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या बी.एच.एम.एस.च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यक आणि विषशास्त्र हा विषय असतो. त्या विषयाशी आमच्या पंथाच्या मूळ पुरुषाचा थेट संबंध आहे, हे मला पदवी घेतल्यानंतर कळले. सॅम्युएल हानेमान यांनी १७८६ साली सोमलाच्या विषबाधेवर एक पुस्तक जर्मन भाषेत लिहिले. त्यात उपचार तर होतेच, शिवाय न्यायालयासाठी सोमल कसा ओळखावा हेही होते. आम्लात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की सोमलाचा पिवळा साका बसतो, ही ती परीक्षा. होमिओपॅथी तेव्हा जन्मायची होती. त्या काळी सोमल म्हणजे वारसांचे औषध समजले जाई. चव नाही, वास नाही, आणि लक्षणे पटकीसारखी.

हीच पिवळ्या साक्याची परीक्षा १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने एका खटल्यात वापरली. आजोबांच्या कॉफीत विष घातल्याचा नातवावर आरोप होता. मार्शला पिवळा साका मिळाला. पण खटला उभा राहीपर्यंत साका बिघडला, ज्युरीपुढे दाखवायला काही उरले नाही आणि आरोपी सुटला. मार्शच्या मनाला हे लागले. त्याने नवी परीक्षा शोधली आणि १८३६ साली प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांत संशयित पदार्थ टाकायचा, निघणारा वायू तापवायचा, आणि सोमल असल्यास काचेवर काळा चकचकीत आरसा उमटतो. अगदी सूक्ष्म सोमलही या परीक्षेत सापडू लागला.

आणि इथेच नवी अडचण उभी राहिली. खाणीतून निघणाऱ्या जस्तात सोमल असतो. गंधकाच्या आम्लातही तो असू शकतो. परीक्षा जितकी तीक्ष्ण, तितका तिला आपल्याच भांड्यातला दोष अधिक दिसणार. म्हणून नियम करावा लागला: आधी नुसते जस्त आणि नुसते आम्ल घेऊन यंत्र चालवा, काच स्वच्छ राहिली तरच संशयित पदार्थ घाला. वाचकहो, हाच आपला रिकामा तराजू.

हा नियम एकदा मोडला गेला तेव्हा काय झाले, ते पाहा. १८५९ साली लंडनजवळच्या रिचमंड इथे इझाबेला बँक्स नावाची स्त्री वारली. तिच्याबरोबर राहणारा डॉक्टर थॉमस स्मेदर्स्ट याच्यावर विषप्रयोगाचा आरोप आला. तपासणी आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी केली. इंग्लंडमध्ये विषशास्त्रात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. त्यांनी तांब्याची जाळी वापरून परीक्षा घेतली आणि एका बाटलीत सोमल असल्याचे दंडाधिकाऱ्यापुढे सांगितले. नंतर त्यांच्याच लक्षात आले की बाटलीतल्या द्रव्याने तांबे विरघळत होते, आणि सोमल त्या तांब्यातूनच येत होता. मोठ्या माणसाने भर न्यायालयात चूक कबूल केली, ही त्यांची थोरवी म्हणायची. तरीही ज्युरीने आरोपीला दोषी धरले आणि फाशीची शिक्षा झाली. मग डॉक्टरांनी आणि वकिलांनी ओरड केली, सरकारने एका ज्येष्ठ शल्यवैद्याचे मत घेतले आणि स्मेदर्स्टला माफी मिळाली. त्याने बँक्सशी लग्न केले तेव्हा त्याची पहिली बायको जिवंत होती. त्या गुन्ह्यासाठी मात्र तो तुरुंगात गेला. माणूस सज्जन नव्हता. पण जो सोमल मुळात सापडलाच नव्हता, त्याच्या नावाने त्याला फास बसणार होता.

आता आपल्या देशाकडे वळू. सरकारी रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा मद्रासला १८४९ साली निघाली. त्यानंतर कलकत्ता १८५३, आग्रा १८६४ आणि मुंबई १८७०. मुंबईची प्रयोगशाळा सुरू होऊन चार-पाच वर्षे होतात न होतात, तोच तिच्याकडे एक असे प्रकरण आले की सगळ्या मराठी मुलखात त्याची चर्चा झाली. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले, रोजच्याप्रमाणे पपनसाचा रस थोडा प्यायले, अस्वस्थ वाटले म्हणून उरलेला फेकून दिला. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो पाहिला आणि पुढे मुंबईला सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले.

मल्हारराव गायकवाडांवर चौकशी आयोग बसला. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते: शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवले, हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध मानला नाही. तीन विरुद्ध तीन. शेवटी एप्रिल १८७५मध्ये सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढले आणि मद्रासला पाठवले. त्याच गादीवर पुढे सयाजीराव आले. आपल्या विषयापुरते यातून घ्यायचे ते एवढेच: प्रयोगशाळा गाळात काय आहे ते सांगू शकते, तो कोणाच्या सांगण्यावरून पेल्यात पडला ते सांगू शकत नाही. आयोगातला मतभेद मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नावर होता. चांगल्या यंत्रालाही आपली हद्द असते.

ही हद्द सर्वांत ठसठशीतपणे दाखवणारा खटला पुण्याचा आहे. आपला गुलबर्गा आणि बीदर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आपल्या घरांतून भाषेची, कचेरीची, मुलांच्या शाळेची काळजी चालू होती. त्याच पंधरवड्यात, १२ नोव्हेंबरच्या रात्री, लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेही विधवा बाई आपल्या डॉक्टरांबरोबर पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसल्या. डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांच्याच घरात राहायचे. सकाळी बोरीबंदरला बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले, तिथे नाव दुसरेच सांगितले गेले, आणि त्याच दिवशी त्या वारल्या. मृतदेह बेवारस ठरला. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाला विष सापडले नाही. दरम्यान बाई जिवंत आहेत, दूर कुठे तरी सुखात आहेत, अशी पत्रे त्यांच्या नावाने नातलगांना येत राहिली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे जात राहिली.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९५९मध्ये निकाल लागला. दोन न्यायमूर्तींनी फाशी कायम केली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा आशय असा की अहवालात विष नसणे म्हणजे विषप्रयोग झाला नाही असे नव्हे. कित्येक विषे माग ठेवत नाहीत, आणि परिस्थितीचा पुरावा पुरेसा बळकट असेल तर तो चालतो. न्या. सरकार यांचे मत वेगळे पडले. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झाले नाही, असे त्यांनी म्हटले. विद्वान मंडळी आजही दोन्ही बाजूंनी बोलतात. मी कायद्याचा माणूस नाही. वैद्यक शिकलेल्या माणसाला मात्र यात एक वेगळा प्रश्न दिसतो: ‘सापडले नाही’ या शब्दांचा अर्थ काय?

‘नाही’ म्हणणारे यंत्र ‘आहे’ म्हणू शकत होते का, हे आधी पाहायला हवे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत रिकाम्या परीक्षेबरोबर दुसरीही परीक्षा घेतात. ज्या पदार्थाचा संशय आहे तो माहीत असलेल्या प्रमाणात मुद्दाम एका नमुन्यात घालतात आणि यंत्राला विचारतात. यंत्राने तो बरोबर दाखवला, तर त्याच्या ‘नाही’ला वजन. किती कमी प्रमाणापर्यंत ते पाहू शकते, तोही आकडा लिहून ठेवतात. स्मेदर्स्टच्या खटल्यात यंत्र नसलेले दाखवत होते. लक्ष्मीबाईंच्या खटल्यात असलेले दिसले नसेल अशी शंका राहिली. पहिल्या दोषावर उपाय रिकामा तराजू, दुसऱ्यावर उपाय खात्रीचे वजन. आमच्या गंजात दोन्ही होते. रिकामा काटा बघून झाला की आजोबा छापाचे वजन चढवायचे.

आजच्या प्रयोगशाळेतही, यंत्रे कितीही अवघड नावांची असली, तरी हेच चालते. गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर पदार्थाचे तुकडे करून त्यांचे वस्तुमान मोजतो. दिवसाचे काम सुरू करण्याआधी त्याला परफ्लुओरोट्रायब्युटिलअमीन नावाचे एक ठरावीक द्रव्य देतात. त्याचे तुकडे ६९, २१९, ५०२ या आकड्यांवरच यायला हवेत. आकडे सरकले तर यंत्र आधी जुळवायचे. रंगाचे शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर होल्मियम ऑक्साइडची काच धरतात. तिच्या रेषा कुठे पडतात हे जगभर ठाऊक आहे. तोलकाट्यावर प्रमाणित वजन ठेवतात, नुसते मध्यभागी नव्हे, कोपऱ्यांवरही. पिपेट तपासायची तर तिच्यातले पाणी तोलून बघतात. दोन गोळ्यांवरचे ओरखडे शेजारी शेजारी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात दोन्ही बाजूंचे वर्धन सारखे आहे ना, हे मोजपट्टीने पाहतात. दारू पिऊन वाहन चालवण्याच्या खटल्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. २९ आणि ३१ यांत फरक करायचा तर यंत्राचा स्वतःचा चढउतार किती, हे लेखी हवेच.

आणि ही प्रमाणित वजने खरी कशावरून? तीही वरच्या वजनांशी ताडलेली असतात, ती त्याहून वरच्यांशी, आणि अखेर साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. भारताच्या वाट्याला आलेला किलोग्रॅमचा ५७ क्रमांकाचा नमुना तिथे आहे. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्याच बदलली. धातूच्या तुकड्याऐवजी ती निसर्गाच्या एका स्थिरांकावर बसवली आहे. आमच्या पंथात आचार्यांची पट्टावली असते; अमुक कोणाचे शिष्य, ते कोणाचे, असे मागे मागे जाता येते. वजनालाही अशीच पट्टावली लागते. मधली एक कडी तुटली की पुढच्या सगळ्यांचा शब्द अधांतरी.

यंत्राइतकेच त्याच्या भोवतालचे साहित्यही तपासावे लागते. जर्मनीत अनेक वर्षे पोलिस एका अज्ञात स्त्रीच्या मागे होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स इथल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी तिचा डीएनए सापडला होता. हायलब्रॉन शहरात एका पोलिस स्त्रीचा खून झाला, तिथेही तोच. २००९ साली उलगडा झाला: नमुना घेण्याचे कापसाचे बोळेच कारखान्यात बांधताना एका कामगार स्त्रीच्या हातून दूषित झाले होते. बोळे निर्जंतुक होते; पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. कोरा बोळा यंत्रात घालून पाहण्याची सवय असती, तर इतक्या लोकांची इतकी वर्षे गेली नसती.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना स्वतःची लपवू नये. माझ्या दवाखान्यात पाऱ्याचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते. एका निवृत्त गुरुजींना मी सलग तीन महिने सांगत राहिलो की दाब थोडा चढाच आहे. त्यांनी लोणचे सोडले, पापड सोडला, रात्रीची झोप काळजीत घालवली. एक दिवस त्यांच्या नातवाने विचारले, ‘काका, पट्टा बांधलेला नाही, तरी पारा शून्याच्या वर का?’ मी वाकून बघितले. पारा आठावर उभा होता. अडत दुकानात वाढलेला मी, पण रिकामा काटा बघायला विसरलो होतो. गुरुजी हसले आणि म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांचं लोणचं तुमच्याकडे बाकी.’ मला मात्र हसू आले नाही. माझ्या जागी न्यायालयात अहवाल देणारे यंत्र असते तर बाकी लोणच्याची राहिली नसती.

हे आज सांगण्याचे कारण आहे. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तिच्यात तरतूद आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणजे मुंबईच्या कलिन्याला असो की आपल्या कलबुर्गीच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत असो, नमुन्यांचा ओघ वाढणार. दुसरी गोष्ट अशी की सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञ स्वतः साक्षीला न येताही, पुरावा म्हणून वाचता येतो. जुन्या संहितेत हे २९३ कलमात होते, नव्यात ३२९मध्ये आहे. न्यायालयाला वाटले तर ते तज्ज्ञाला बोलावू शकते. पण कोणी विचारलेच नाही तर कागदच बोलतो, आणि कागदाला उलटतपासणीत घाम फुटत नाही.

म्हणून विचारायला शिकले पाहिजे. आपल्या घरांतून वकील आहेत, डॉक्टर आहेत, पोलिस खात्यात आणि प्रयोगशाळांत नोकरीला गेलेली मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी तीन साधे प्रश्न सांगून थांबतो. त्या दिवशी यंत्र रिकामे चालवून पाहिले होते का? माहीत असलेला नमुना त्याने बरोबर ओळखला होता का? आणि हे दोन्ही तारीख-सहीनिशी वहीत लिहिले आहे का? प्रयोगशाळांच्या १७०२५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची पाने पुष्कळ आहेत. पण यंत्रांपुरते त्याचे सार या तीन प्रश्नांत येते. असे विचारणे म्हणजे प्रयोगशाळेवर अविश्वास दाखवणे नव्हे. शेतकरी रिकामा तराजू बघायचा म्हणून आजोबा कधी रागावले नाहीत. उलट एखादा नवखा शेतकरी संकोचाने मान खाली घालून उभा राहिला, तर तेच त्याला म्हणायचे, ‘बघ बाबा, काटा बघ आधी.’